हा फटका माझा नव्हे

टीव्हीवरच्या त्या दोन डिटेक्टिव्हांनी सहा वर्षांत जेवढे गुंड बडवले, तेवढे सगळे खरं तर एका बाईने बडवलेत. लंबू नियमाबाहेर पाऊल टाकत नाही, ढब्बूला हात चालवल्याशिवाय जेवण पचत नाही, आणि दोघांना एका गाडीत कोंबलं की घरोघरी माणसं हसून लोळतात. पण ढब्बूची मूठ गुंडाच्या जबड्यापासून वीतभर लांबूनच जाते बरं का! आवाज येतो तो स्टुडिओतल्या एका बिनखिडकीच्या खोलीतून. तिथे पन्नाशीची, आडव्या बांध्याची एक फटकळ बाई पडद्यावर डोळे रोखून उभी असते आणि नेमक्या क्षणी दणका हाणते. सगळे तिला ठोसेबाई म्हणतात.

तिचं सामान म्हणजे जबड्यासाठी ओला टॉवेल, पोटासाठी वाळू भरलेला मोजा आणि जुनं चामड्याचं जाकीट, नाकासाठी कोबीचा गड्डा, हाडासाठी गाजर. गाजरं तर रोज दोन-दोन किलो लागायची. भाजीवालीने एकदा विचारलंच, "घरी घोडा पाळलाय की काय?"

"खरा मार असा खणखणीत वाजत नाही," ती रेकॉर्डिंगवाल्याला सांगायची. हा काडीपैलवान बाबा रिकामा रस्ता ओलांडतानाही चारदा मागेपुढे बघणार. "खरा मार बसका वाजतो. तो ऐकवला तर लोकांना खोटा वाटेल." हे तिला कसं ठाऊक, असं त्याने एकदाच विचारलं. "माझे वडील," ती म्हणाली आणि पुढचं गाजर उचललं.

तिला एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. जावई मोटार चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्याने गाडी भिंतीवर घातली तरी हा आवाज चढवत नाही, अशी त्याची ख्याती. "आई, तुमच्या मालिकेचा एकही भाग चुकवत नाही मी," म्हणायचा, आणि ठोसेबाई हुरळून जायची. बाकी जगाला फाडकन बोलणारी ही बाई जावयाच्या कौतुकापुढे लोण्यासारखी वितळायची. चार महिने मुलगी माहेरी फिरकली नव्हती. कामं असतात, म्हणायची. ठोसेबाई फोन करायची तेव्हा मागे मालिका ठणाणा चाललेली असायची. कधीकधी मुलगी फोन उचलून ओट्यावर ठेवून द्यायची आणि मग नुसतेच फटके आणि हशा ऐकू यायचा. थोड्या वेळाने ती बोलायची.

"कोणता भाग गं?"

"जुनाच."

"आवाज कसा झालाय?"

"चांगला झालाय, आई."

त्या दिवशी सकाळपासून तेवीस ठोसे, दोन दात आणि एक बरगडी उरकून ठोसेबाई डबा उघडून बसली. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने फोन. पलीकडून फोन उचलला गेला, पण बोललं कुणी नाही. मागे लंबूचा आवाज, "साखर किती चमचे?" आणि लोकांचा हशा. तिच्या लगेच लक्षात आलं, हा चहाचा प्रसंग. तेवढ्यात एक फटका ऐकू आला. मग दुसरा.

तिचा घास तोंडातच राहिला. त्या प्रसंगात लंबू आणि ढब्बू एका म्हातारीला चहा पाजून कबुली घेतात. कुणी कुणाला बोटही लावत नाही. तिने स्वतः त्यात कपात चमचा ढवळला होता, बस्स. मग हे काय वाजतंय? पुन्हा एक फटका आला. बसका. पाठोपाठ काहीतरी कडकन मोडलं आणि दातांतून ओढून घेतलेला श्वास ऐकू आला. लहानपणी सायकलवरून आपटली की तिची पोर असाच श्वास ओढायची आणि रडायची नाही.

"आई!" जावयाचा आवाज आला, थोडा धापा टाकत. "तुमचीच मालिका चाललीय. काय जबरदस्त फटके मारता हो तुम्ही!"

"बघ हो, बघ," ती हसून म्हणाली आणि फोन ठेवला. त्याला संशय येता कामा नये, एवढं भान तिने राखलं.

तिने दोन वाक्यांत काय ते सांगितलं आणि रेकॉर्डिंगवाल्याने गाडी काढली. "बाई, आधी पोलिसांना कळवू."

"कळव ना, मी कुठे नको म्हणतेय! पण गाडी थांबवलीस तर मी पळत जाईन."

त्याने सीटबेल्ट लावायला सांगितला, तेव्हा तिला कळलं की आपल्या मुठीत वाळूचा मोजा आहे.

जावयाने हसतच दार उघडलं. "अरे वा, आई! भरदुपारी? ती झोपलीय हो..." तिने त्याला खांद्याने बाजूला सारलं. टीव्ही बोंबलत होता. मुलगी स्वयंपाकघरात कपाटाला टेकून फरशीवर बसली होती. ओठ फाटलेला, डावा हात मनगटात भलतीकडे वळलेला.

"स्टुलावरून पडली." मागून आलेल्या जावयाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "सांग ना आईला." आणि बोटं तिच्या केसांत आवळली.

ठोसेबाईने सहा वर्षं नेमका क्षण साधला होता, तो आजही साधला. पहिला दणका त्याच्या कोपरावर बसला आणि केस सुटले. दुसरा पोटात. तिसऱ्याने नाक फुटलं, पांढऱ्या फरशीवर रक्त उडालं. तरी त्याने तिचा गळा धरला आणि डोकं फ्रिजवर आपटलं, एकदा, दोनदा. तिच्या कानांत शिट्टी वाजायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तशा अंधारीतच तिने मोजा फिरवून त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कोसळला. बाहेर टीव्हीतली माणसं हसत होती.

तिने पुन्हा हात उचलला, या खेपेला कानशिलाचा नेम धरून. जीव घ्यायचाच होता तिला, खोटं कशाला बोला! पण पोलिसांना फोन करून आत धावलेला रेकॉर्डिंगवाला दोन्ही हातांनी तिच्या दंडाला लोंबकळला. "बाई, पुरे! हा मेला तर तुम्ही तुरुंगात. मग हिच्याजवळ कोण?"

तिने मोजा टाकला. पोलीस येईपर्यंत तो काडीपैलवान बाबा जावयाच्या पाठीवर बसून राहिला, घाबरून डोळे मिटून, पण बसून राहिला.

ठोसेबाईने जाऊन टीव्ही बंद केला. मग फरशीवर मुलीशेजारी बसली, ओढणीने तिचा हात गळ्यात बांधायला लागली आणि रडायलाच लागली. "मला कळलंच नाही गं, बाळा. मला वाटायचं, मालिका चाललीय. आणि मी मेली विचारत बसायचे, आवाज कसा झालाय!"

"मी मुद्दाम फोन उचलून ठेवायचे," मुलगी म्हणाली. फाटक्या ओठाने शब्द नीट फुटत नव्हते. "म्हटलं, दुसऱ्या कुणाला नाही, पण माझ्या आईला ओळखू येईल."

ठोसेबाईचे हात थांबले. "किती वेळा ठेवलास?"

मुलगी उजव्या हाताच्या बोटांवर मोजायला लागली. बोटं संपली, तेव्हा तिने डावा हात उचलला आणि कळवळली.