पीपीटीची पंगत

नरडाण्याच्या एका डाळीच्या कारखान्यात मी पाकिटांवरची चित्रं करायला लागले आणि साऱ्या ऑफिसची पीपीटी आपोआप माझ्या गळ्यात पडली. कोणीही यायचं, पेन ड्राइव्ह पुढे करायचं आणि ब्यूटी पार्लरात आल्यासारखं म्हणायचं, जरा छान करून द्या. उघडून पाहावं तर गिरक्या घेत येणारी अक्षरं, पिवळ्यावर लाल मजकूर आणि शेवटी गुलाबासकट 'धन्यवाद'. त्या गुलाबांवर माझा भारी राग.

नानांना छान वगैरे काही नको होतं. ते डाळ निवडणाऱ्या बायकांवरचे सुपरवायझर, निवृत्तीला आलेले. बायकांची शेड पत्र्याची. उन्हाळ्यात त्या डोक्यावर ओलं फडकं घेऊन काम करायच्या. पत्र्याखाली दुसरं छत आणि वारा खेळेल अशा खिडक्या हव्यात, हे नाना दरवर्षी सांगत आणि दरवर्षी ते राहून जाई. या खेपेला मालकांनी त्यांना मीटिंगमध्ये मांडायला सांगितलं होतं. नानांनी सगळी वर्षं एकाच स्लाइडवर कोंबून आणली होती, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि खाली गुलाब होताच.

थोडं कमी करू या, असं मी म्हटलं तर ते सगळंच सांगायचं म्हणून हटूनच बसले. "माले बठ्ठं सांगनं शे, पोरी. काय सोडू?"

माझा पारा चढत होता. पण नानांना गावच्या लग्नकार्यांत वाढपी म्हणून मान आहे, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, पंगतीत बट्टी, वरण, वांग्याची भाजी सगळं एकदम ओतता का? नाना म्हणाले, आधी बट्टी कुस्करू द्यायची, तोवर वरण घेऊन थांबायचं. आणि काय काय पुसायचं ते स्वतःच सांगायला लागले. गुलाब मात्र त्यांनी मला काढू दिला नाही. जेवणानंतर विडा नको का, म्हणाले. राहू दिला.

मीटिंगमध्ये पहिली स्लाइड आली, ओल्या फडक्यांतल्या बायकांचा फोटो. इतर लोक एकेक स्लाइड भराभर पुढे ढकलतात. नाना हात मागे बांधून थांबले. मग त्यांनी मालकांना पंगतीतल्या अदबीने विचारलं, "साहेब, हे खाऊन झालं का? पुढचं वाढू?"

मालक हसले. पुन्हा फोटोकडे बघितलं तेव्हा हसू राहिलं नव्हतं. वाढा, म्हणाले.

छत झालं, खिडक्याही झाल्या. नाना निवृत्त झाले त्या दिवशी, भर मे महिन्यात, बायकांनी त्याच शेडमध्ये वरण-बट्टी केली. जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेल्या माणसाला पहिल्या पंगतीत बसवलं आणि वाढायला मला उभं केलं. एरवी मी टेबलाशी एकटी डबा खाणारी. माझ्या रंगरंगोटीने कोणाची दुपार सुसह्य होऊ शकते, हे मला नानांमुळे कळलं. त्यांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

बायका रांगेने बसल्या होत्या, कोणाच्याच डोक्यावर फडकं नव्हतं. मी नानांच्या बट्टीवर वरण घातलं आणि विचारलं, पुढचं वाढू?

नानांनी एकदा त्या रांगेवरून नजर फिरवली आणि ताटावर हात आडवा धरला.

"थांब पोरी. पहिले हाई खाऊ दे."