सिएनीने अंगावर चालवलेला बदल

त्या बुधवारी सिएनी स्वतः वजनकाट्यावर उभी राहिली.

एरवी ती काट्याच्या अलीकडे असते. आपियाहून शेजारच्या बेटावरच्या पागोला जाणारं विमान लहान. माणूस, त्याची पिशवी, नातेवाइकांसाठी नेलेले पाव, सगळं तोलावं लागतं. सिएनी तेरा वर्षं हेच करते. लोकांना तोलते, कुणी कुठे बसायचं ते सांगते आणि पाठवून देते.

त्या दिवशी तिच्या जागी आपेलू होता.

"आकडा मोठ्याने वाचू का?" त्याने विचारलं.

"वाच की. तुझा वाचायचा तर गुरांचा काटा मागवावा लागेल."

"सुट्टी घेऊन पागोला कशाला चाललीस पण?"

"जेवायला."

ते खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं.

सिएनीला सतराव्या वर्षापासून मधुमेह आहे, इन्सुलिनशिवाय जगता न येणारा. कमरेला पंप, दंडावर साखर मोजणारी चकती, खिशात फोन. फोनमधलं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी साखर बघतं आणि पंपाने किती इन्सुलिन सोडायचं ते ठरवतं. हे सॉफ्टवेअर कुणी विकत नाही. अशाच आजारी माणसांनी आणि आजारी मुलांच्या आईबापांनी ते मिळून लिहिलं आहे. कोड उघडा असतो. कुणीही वाचावा, कुणीही बदल सुचवावा.

आदल्या वर्षी पागोला चुलतभावाच्या लग्नात सिएनी न्हाणीघरात पडली. मी तिची मैत्रीण, सोबत गेले होते. दार आम्ही फोडलं. तिची साखर दोनच्या खाली होती. आमच्याकडच्या मापात ती चारच्या खाली गेली तरी धोका असतो.

"नाचली फार, खाल्लं नाही काही," बायका म्हणाल्या.

शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, "तालिया, मी ताटभर खाल्लं होतं."

घरी येऊन ती फोनमधल्या नोंदी वाचत बसली. आपिया आणि पागोच्या मधून तारखेची रेषा जाते. पाऊण तासाचा प्रवास. घड्याळातली वेळ तीच राहते, तारीख एक दिवस मागे जाते. बुधवारी निघालेला माणूस मंगळवारी उतरतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. सॉफ्टवेअरला वाटलं होतं. सकाळच्या इन्सुलिनवर बुधवारची तारीख होती आणि फोन सांगत होता मंगळवार. उद्याचं इन्सुलिन आज अंगात कसं असेल? त्याने ते मोजलंच नाही. अंग रिकामं समजून पुन्हा दिलं.

तिने प्रकल्पाला कळवलं. उत्तर टास्मानियातल्या डोरीनचं आलं. डोरीन एका शाळेच्या कँटीनमध्ये काम करते. तिच्या मुलाला पंप आहे. लोकांनी पाठवलेले बदल तपासून आत घेणाऱ्या चौघांपैकी ती एक.

"आमच्याकडे असं होत नाही," डोरीनने लिहिलं होतं.

"होईल कसं?" सिएनी मला म्हणाली. "यांच्याकडे विमानाने कालमध्ये जाता येतं का?"

डोरीनचं पुढचं वाक्य होतं, "मग बदल तूच लिही." तो टोमणा नव्हता. तिथली रीतच तशी आहे.

सिएनीला कोड येत नव्हता. आठ महिने ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून शिकली. मी साहित्यात पदवी घेतली आहे, पण तिच्यासारखं वाचन कधी केलं नाही. एकच पान ती दिवसचे दिवस वाचायची, कारण त्या पानावरून तिच्या पोटात औषध जात होतं. शेवटी तिने चार ओळी लिहिल्या. नोंदीवरची तारीख उद्याची दिसली, तर त्यातून एक दिवस वजा करायचा.

डोरीनला त्या ओळी पटल्या. पण प्रकल्पाचा एक नियम आहे. बदल ज्याने लिहिला, त्याने तो आधी स्वतःच्या अंगावर चालवायचा. लेकरांच्या अंगावर कुणी चालवायचा नाही.

म्हणून ती काट्यावर उभी होती. म्हणून माझ्या पिशवीत गोड रसाचे चार डबे होते, आणि ती बेशुद्ध पडली तर टोचायची, साखर वाढवणारी सुई.

विमानात काही होणार नव्हतं. पागोला उतरून फोनने नवी तारीख घेतली की पुढची पाच मिनिटं महत्त्वाची. पडद्यावर एक आकडा असतो, अंगात किती इन्सुलिन उरलं आहे त्याचा. निघताना तिने नारळाच्या दुधातले पाव खाऊन त्यांचं इन्सुलिन घेतलं होतं, त्यामुळे उतरताना आकडा तीन होता. तो शून्य झाला तर बदल चुकला.

आम्ही धावपट्टीच्या कुंपणाशी उभ्या राहिलो. फोनवर मंगळवार आला. पाच मिनिटं गेली.

आकडा दोन पूर्णांक आठ झाला. हळूहळू, जसा व्हायला हवा तसाच.

सिएनीने माझा खांदा इतक्या जोरात दाबला की दुखला. मग आम्ही जेवलो. मासे, उकडलेला नीरफणस. तिने जेवणाचं इन्सुलिन घेतलं आणि दोनच्या विमानाने आम्ही परत निघालो. परतताना मी झोपले.

आपियाला उतरलो. फोनवर बुधवार आला. ती पावलं टाकता टाकता थांबली.

"शून्य," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. "काय शून्य?"

"जेवणाचं इन्सुलिन मंगळवारचं आहे. आता बुधवार. कालचं औषध आज संपलेलं असणार, असं धरलंय त्याने."

"पंप काढ."

"एकदा देऊ दे. नोंद हवी."

"सिएनी, काढ तो."

"एकदाच, गं."

पंप बारीकसा वाजला. तिने तो आवाज ऐकला, मग नळी उपटली.

पुढचा तास आम्ही सामानाच्या पट्ट्याशेजारच्या बाकावर काढला. साखर साडेपाच, मग साडेचार. पहिला डबा. तीन पूर्णांक सहा. तिच्या ओठांवर घाम आला. दुसरा डबा. दोन पूर्णांक नऊ. तिने मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. तिसरा डबा मी तिच्या हनुवटीला धरून पाजला, अर्धा तिच्या कपड्यांवर सांडला. सुई बाहेर काढून मांडीवर ठेवली.

आपेलू धावत आला. "रुग्णवाहिका बोलावू?"

"बोलाव."

"नको," सिएनी म्हणाली.

"तू गप्प बस," आपेलू तिला म्हणाला आणि फोन लावला.

गाडी येईपर्यंत साखर तीन पूर्णांक तीनपर्यंत चढली होती. परिचारिका तिला ओळखत होती. तिने भुवया वर केल्या.

संध्याकाळी तिने डोरीनला लिहिलं. मी शेजारी बसले होते. "माझा बदल घेऊ नका. जाताना चालतो, येताना नाही. चूक माझी. नोंद सोबत आहे."

"आठ महिने गं," मी म्हणाले.

"मी जाणाऱ्यांनाच तोलते ना," ती म्हणाली. "येणारे माझ्या काट्यावर येतच नाहीत. मला सुचलंच नाही."

डोरीनचं उत्तर सकाळी आलं. "मीही वाचला होता. मलाही सुचलं नाही. तू बरी आहेस का?"

दुसरा बदल लिहायला तिला नऊ दिवस लागले. तिने तारीखच काढून टाकली. पंपाला वार कळत नाही. तो चालू झाल्यापासूनची मिनिटं तेवढी मोजतो. आता प्रत्येक इन्सुलिनला किती मिनिटं झाली, ते पंपालाच विचारायचं.

"डोरीनला फोनवरची तारीख हाताने बदलून बघू दे," मी म्हणाले.

"बघितली तिने. सगळं बरोबर आलं."

"मग?"

"पहिल्या वेळीही तिच्याकडे बरोबरच आलं होतं."

या वेळी मी सहा डबे घेतले. पागोला उतरताना आकडा टिकला. आम्ही दोघी हसलो नाही. जेवलो, तिने जेवणाचं इन्सुलिन घेतलं. परतताना मी झोपले नाही.

आपियाला उतरून आम्ही त्याच बाकावर बसलो. आपेलू काटा सोडून आला आणि समोर उभा राहिला. फोनवर वार बदलला. पाच मिनिटं. सिएनीने नळी दोन बोटांत धरून ठेवली होती, उपटायला तयार.

अंगातलं इन्सुलिन तीन पूर्णांक एक.

आणखी पाच मिनिटं. पंप वाजला नाही. तीन पूर्णांक शून्य. आणखी पाच. दोन पूर्णांक नऊ.

"हे चांगलं की वाईट?" आपेलूने विचारलं.

ती तासभर तशीच बसून राहिली. साखर सहाच्या आसपास होती. मग तिने नळीवरची बोटं काढली. बोटांवर नळीचा वळ उठला होता.

डोरीनने प्रत्येक ओळ पुन्हा वाचली, तिच्याबरोबर आणखी एकाने. चौथ्या दिवशी बदल आत गेला. अकरा ओळी काढल्या, पाच घातल्या. प्रत्येक बदलाखाली कारण लिहायला जागा असते. लोक तिथे पानभर लिहितात.

सिएनीने लिहिलं होतं, "जाऊन आले. परतही आले."

ते तिने मला दाखवलं तेव्हा ती काट्यापाशी उभी होती आणि समोर रांग होती. एक म्हातारा पाव घेऊन काट्यावर चढला. तिने आकडा लिहून घेतला, त्याला तिसऱ्या रांगेत डावीकडे बसायला सांगितलं.

मग विचारलं, "परत कधी येणार?"

हे ती पूर्वी कुणाला विचारत नसे.