दोन खाती एका जीपमधून

पडेगावच्या एका वस्तीत मी अंगणवाडी चालवायचे. पत्र्याची एक भाड्याची खोली होती. मुलांचं वजन आणि खाऊ माझ्या खात्याचं काम, लसी महापालिकेच्या नर्सबाईंचं. त्या लिंबाखाली बसून मुलांना टोचायच्या आणि निघून जायच्या. आमचा एकमेकींना नमस्कार, तेवढाच.

एका सकाळी महापालिकेची जीप थेट खोलीपुढं थांबली. तिच्यातून माझे साहेब आणि नर्सबाई, दोघं उतरले. साहेब म्हणाले, "आता दोन्ही खाती मिळून काम करणार. घरोघर जाऊन प्रत्येक मूल तपासायचं."

मागं अशीच जीप आली, तेव्हा रस्त्याकडेची घरं पाडली होती. बायांना ते चांगलं आठवत होतं. बघता बघता त्यांनी आपापली मुलं उचलून नेली आणि दारांना कड्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामीच. समोरची आजी, गावाकडची शेती सोडून लेकाकडं आलेली, दारातूनच म्हणाली, "बाई, तूच बोलावलंस व्हय त्यांना? आधी पोरं मोजतील, मग घरं."

"नाय हो आजी, मलाच ठाऊक नव्हतं."

"साहेब तर तुझाच होता."

साहेब नक्की कशाला आले, याची शंका मलाही होती. नर्सबाई आल्या तेव्हा मी सरळच विचारलं, "खरं सांगा, जागा बघायला आला होता का?"

त्या म्हणाल्या, "छे! मला वाटलं, तुमच्या खात्याला माझं काम बळकावायचंय."

मग दोघींनी ठरवलं, जीप नको, आपण पायीच फिरू.

आजीनं आम्हाला बऱ्याचदा परत पाठवलं. एकदा मात्र तिची दोन वर्षांची नात उंबऱ्यावर खेळत बसली होती. नर्सबाईंनी तिच्या पाठीमागं ताटलीवर चमचा वाजवला. अंगणातली कोंबडी पळाली, पोरीनं मान वळवली नाही.

"लई गरीब पोर हाय माझी," आजी म्हणाली.

नर्सबाईंनी पुन्हा वाजवून पाहिलं. "आजी, हिला ऐकू येत नसावं."

आजीनं पोरीला उचललं. "आता खोट काढा पोरीत. मग नेऊन ठेवा कुठंतरी." दार लागलं.

संध्याकाळी सून माझ्या खोलीवर आली. म्हणाली, "मलाबी तसंच वाटायचं. पण सांगायचं कुणाला?"

सुनेनं हट्ट धरला, तेव्हा आजी दवाखान्यात यायला तयार झाली. साहेबांनी जीप मिळवून दिली. आजी काही तिच्यात चढेना. शेवटी आम्ही सगळ्या सिटी बसनं गेलो. तिथं दिसेल त्याला आजी विचारायची, "तुम्ही कोणत्या खात्याचे?" डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी तपासून नर्सबाईंचा अंदाज खरा असल्याचं सांगितलं.

कानाचं मशीन यायला महिने गेले. एका कचेरीत साहेब खेटे घालत होते, दुसरीत नर्सबाई. मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हा पोरगी घाबरून रडली. आजी ते काढायलाच धावली, सुनेनं तिचा हात धरला.

मुलं हळूहळू परत आली, सगळी नाही. घरांना कुणी हात लावला नाही, पण मला त्याची खात्री वाटायला फार काळ गेला. आजी नातीला रोज आणून सोडायची. सोडल्यावर मात्र घरी जायची नाही. मुलं सुटेपर्यंत दारात बसून आम्हा दोघींवर लक्ष ठेवायची.