काटेसाहेबांचं सील

माझ्या साडूंच्या दिवाणखान्यात पंख्याच्या बटणाला शिशाचं सील आहे. पंखा तीनवर असावा असं त्यांनी एकदा ठरवलं, बटण तीनवर आणलं, तार ओवली, शिशाची गोळी चिमट्यानं दाबली, झालं. तेव्हापासून उकाडा असो की गारठा, पंखा तीनवर. माझी मेहुणी शाल पांघरून भाजी निवडते. भिंतीवरच्या घड्याळालाही सील आहे. ते चार मिनिटं मागे आहे, पण सीलबंद मागे आहे.

हे गृहस्थ वजनमाप खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर निघाले की सील लावायचं, चुकीचे निघाले की उचलून न्यायचे. आम्ही सगळे त्यांना काटेसाहेब म्हणतो आणि त्यांना तो बहुमान वाटतो. मी चाळीस वर्षं रंगमंचावर राजे केले, सेनापती केले, एकदा तर देवही केला. पण असला बिनचूक माणूस मला एकाही नाटककारानं लिहून दिला नाही. दिला असता तर प्रेक्षक म्हणाले असते, जरा अतीच होतंय.

घरात त्यांच्या वडिलांची मोटरसायकल आहे. काळी, जड, टाकीवर सोनेरी रेघ. वीस वर्षं ती शेडमध्ये चादरीखाली होती. दर रविवारी चादर निघायची, गाडी पुसली जायची, चादर परत चढायची. गाडी ही चालवायची वस्तू आहे, ही अफवा काटेसाहेबांपर्यंत पोचलीच नव्हती.

मग त्यांच्या मुलीला नोकरी लागली. बावीस किलोमीटरवरच्या इस्पितळात, रक्त तपासायच्या खोलीत. पाळी सकाळी सहाची आणि पहिली बस सातची. तिनं आजोबांची गाडी मागितली. इंजिन ठणठणीत होतं, पण वेग वाढला की हँडल थरथरायचं आणि सरळ जाताना मधोमध खाचेत अडकल्यासारखं व्हायचं. गॅरेजवाल्यानं चाक हलवून निदान सांगितलं, "वाट्या गेल्यात. हँडलच्या दांड्याखाली सुटे छर्रे असतात, त्यांनी वाट्यांना खड्डे पाडलेत. रोलरची बेअरिंगं टाकू, जन्माची कटकट जाईल. सोडून जा, संध्याकाळी न्या."

"अंदाजानं काम करणाऱ्याच्या हातात तीर्थरूपांची गाडी मी देणार नाही," काटेसाहेब म्हणाले आणि मुलीकडे वळले. "मी बसवीन. सोमवारपासून गाडी तुझी. पण माझ्या कामात कुणी खोट काढली, तर गाडी परत चादरीखाली."

आता पोरीनं काय करावं? सोमवारी पहाटे पाचला तिला निघायचंच होतं.

शनिवारी काम सुरू झालं. पुढचं चाक काढलं, दांडा खाली ओढला, छर्रे परातीत घेतले. वरचे एकोणीस, खालचे अठरा. "एक कमी आहे!" काटेसाहेब ओरडले. मग तासभर आम्ही तीन म्हातारी माणसं आणि एक नोकरदार मुलगी शेडमध्ये रांगत होतो. सापडला तो मेहुणीच्या चपलेखाली. काटेसाहेबांनी अडतीसच्या अडतीस छर्रे पितळी तराजूत तोलले, वहीत वजन टिपलं आणि सगळे कचऱ्यात टाकले. कारण ते टाकायचेच होते.

"भावोजी, तुम्ही तरी काही बोला ना यांना," मेहुणी म्हणाली.

"मी निवृत्त नट आहे," मी म्हटलं, "असल्या प्रवेशात मधे बोलत नाही."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. नव्या बेअरिंगच्या कड्या त्यांनी रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. गारठ्यानं लोखंड केसभर आकसतं. रविवारी सकाळी त्या कड्या गाडीच्या मानेत अशा अलगद बसल्या, की मी टाळी दिली. चांगल्या प्रवेशाला मी वैऱ्यालाही टाळी दिलेली आहे.

तिथं थांबले असते तर ते काटेसाहेब कसले! बेअरिंगबरोबर एक कागद आला होता. पहिली ओळ: वरचा नट अमुक जोरानं आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. जोराचा आकडा छापलेला होता. आकडा दिसताच काटेसाहेबांचे डोळे पाणावले. जोर मोजणारा काट्याचा पाना घेऊन त्यांनी बरोबर त्या आकड्याला नट आवळला. दुसरी ओळ मीच वाचून दाखवली, राजाचं फर्मान वाचावं तशी: "आता नट पूर्ण सैल करा, आणि हँडलचा खुळखुळ जाईल इतपतच हातानं परत आवळा."

"इतपतच?" काटेसाहेबांनी नाक मुरडलं. "हे काय माप झालं? छापखान्यातल्या कुणा आळशानं घातलेली ओळ आहे ती." आणि त्यांनी नटातून तार ओवली, गोळी दाबली, सील लावलं.

मुलगी कॉलनीला एक फेरी मारून आली. मी लांबून बघत होतो. गाडी रस्त्याच्या या कडेकडून त्या कडेला जात होती. कडक हँडल वळवलं तिथंच राहत होतं. ते परत आणावं तर पलीकडे जात होतं.

"कशी आहे?" काटेसाहेबांनी विचारलं.

"छान आहे," ती हेल्मेट काढत म्हणाली. "सरळ सोडून सगळीकडे जाते."

"हात कच्चा आहे तुझा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विंगेत परतलो.

"बाबा, तराजूला सील कधी लावायचात तुम्ही?"

"चाचणीनंतर."

"कुणासमोर?"

"मालकासमोर. चाचणीशिवाय लावलेलं सील खोटं. असल्या एका निरीक्षकाला मी स्वतः घरी..."

"बसवलंत. दर जेवणाला ऐकते मी. उद्यापासून ही गाडी कुणाची?"

"तुझी."

"मग मालक हजर आहे. काका, कागदावर चाचणी काय दिलीये?"

मी कागद उचलला. "पुढचं चाक जमिनीवरून उचला. हँडल एका बोटानं ढकला. ते आपल्या वजनानं कडेला पडलं पाहिजे."

गाडीखाली लाकडी ठोकळा सरकवला. काटेसाहेबांनी बोट लावलं. हँडल दोन बोटं सरकलं आणि थांबलं. त्यांनी पुन्हा ढकललं, ते पुन्हा थांबलं. रुसलेल्या नायिकेसारखं जागचं हलेना.

चौतीस वर्षांत त्यांनी किती दुकानदारांसमोर हा क्षण आणला असेल! "पण साहेब" म्हणणाऱ्या एकालाही त्यांनी सोडलं नव्हतं. आज दुकानदारही तेच होते. मी मनात म्हटलं, आता हा गृहस्थ चादर आणायला जाणार.

ते आत गेले. परत आले तेव्हा हातात पक्कड होती.

"नापास," ते म्हणाले आणि स्वतःचं सील त्यांनी स्वतः कापलं.

मुलीनं पाना घेतला. नट सैल केला, मग हातानंच जरा आवळला, चाक पुढेमागे हलवून पाहिलं, खुळखुळ होता म्हणून आणखी किंचित आवळला. बोट लावलं. हँडल सावकाश कडेला गेलं आणि टेकलं. आमच्या कंपनीत एक पडदेवाला होता, त्याचा पडदा असा यायचा: धाडकन नाही, अडत नाही, वाक्य संपल्यावर बरोबर. तोही दोर कुठल्या आकड्याला बांधत नसे.

"किती जोर दिलास?" काटेसाहेबांनी वही काढून विचारलं.

"इतपतच," ती म्हणाली.

त्यांनी पेन टेकवलं, थांबले, वही मिटली. यावेळी तिच्या फेरीत गाडी रुळावर असल्यासारखी आली. मेहुणीनं मागे बसायचा हट्ट धरला आणि शाल सावरत तीही एक फेरी मारून आली.

"लावा आता सील, बाबा," मुलगी म्हणाली.

त्यांच्या मुठीत शिशाची नवी गोळी होती. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आत्ता नको. पाचशे किलोमीटरनंतर नट परत तपासायचा असतो," काटेसाहेब म्हणाले. "कागदावरची शेवटची ओळ आहे. तुझ्या काकांनी वाचलीच नाही."