लोह्याच्या ताई आणि थेंब थेंब प्रतिपिंडं

काचेच्या नळीला इतका जीव लावणारं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं. ते म्हणजे आमच्या नांदेडच्या प्रयोगशाळेतल्या थोरल्या ताई. क्षयाच्या जंतूला नेमकं ओळखणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, शुद्ध करणं हे त्यांचं काम. नळीत बारीक मणी भरलेले असत. वरून ती बनवणाऱ्या पेशींचं पाणी सोडलं की प्रतिपिंडं तेवढी मण्यांना धरून राहत आणि बाकीचा गाळ वाहून जाई. मग जरासं आम्ल सोडून ती अलगद उतरवायची. या वेळी शेजारी कुणी शिंकलेलंही ताईंना चालत नसे. हे सगळं चाले त्या थंडगार कोल्ड रूममधून भर मे महिन्यात त्या स्वेटरसकट चहाच्या टपरीवर येत. टपरीवाला ताप उतरला का विचारी, आणि त्या गंभीरपणे, थोडा उतरलाय, म्हणत.

एकदा कोल्ड रूमच बंद पडली. दोन महिन्यांची मेहनत नासायच्या बेतात आली, तेव्हा ताईंनी सगळ्या बाटल्या बर्फाच्या खोक्यात भरल्या आणि हाताखाली शिकणाऱ्या मला घेऊन लातूरची बस धरली. तिथल्या एका मैत्रिणीची प्रयोगशाळा चालू होती. खिडकीची जागा खोक्याला दिली न् स्वतः उभ्या राहिल्या. कंडक्टरनं विचारलं, "खोक्यात काय हाय ताई, औषध का?"

"औषध न्हाई. रोग लवकर वळखायचं साधन हाय. तयार व्हायचंय अजून."

लोह्याला बस थांबली. त्यांचं गाव तिथून जवळच. त्या बाहेर न बघता बर्फ सारखा करत राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "माय सहा महिने खोकत होती. समदे दमाच म्हणत राहिले. थुंकी तपासली तवा लई उशीर झाल्ता."

मी खोक्याला हात लावून बसलो.

लातूरला दुसऱ्या दिवशी दुपारी चाचणीच्या पट्टीवर एक फिकट गुलाबी रेघ उमटली. प्रतिपिंडं शाबूत होती. स्टुलावर बसून ताईंनी माझा अख्खा चिवडा संपवला.

आता त्या दूरच्या देशात असतात. तिथं हे काम यंत्र करतं म्हणे. मी इकडे लातूरला शिकवतो. कधीमधी रविवारी त्यांचा फोन येतो. "काही बी बोल," म्हणतात, "इथं आपली बोली कानावर पडत न्हाई." मग मी शेजाऱ्याची म्हैस, नळाला आलेलं पाणी, असलं काहीबाही सांगत बसतो. पलीकडून नुसता हुंकार येत राहतो. तो थांबला की मी घाईनं आणखी काही आठवू लागतो.