पिकअप पायजे म्हणत्यात
मढ गावच्या हिराचा नवरा जालिंदर गोठ्याचे पत्रे बसवताना खाली पडला आणि पाय मोडून घरी बसला. दारातली पिकअप विकायची बोलणी सुरू झाली, तेव्हा हिरानं चावी कमरेला खोचली. "इकायची न्हाई. मीच शिकते." माहेरी मेंढरांमागं माळ तुडवलेली बाई ती. दिराकडून गाडी शिकली, लायसन काढलं आणि ओतूरच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोचवू लागली.

एका सकाळी फोन आला. पलीकडं कुणी बाई, सगळं इंग्रजी. हिराला कळलं ते एवढंच, 'पिक अस अप' आणि 'पिंपळगाव जोगा'.

"पिकअप पायजे म्हणत्यात," ती जालिंदरला म्हणाली. "माल काय हाय, ते न्हाई समजलं." दोरखंड घेऊन निघाली.

पिंपळगाव जोगा धरणाच्या काठाला एक कार चिखलात रुतलेली. शेजारी गळ्यात दुर्बिणी अडकवलेल्या दोन परदेशी बायका. पक्षी बघायला आलेल्या. हिराचा नंबर त्यांना हॉटेलवाल्यानं दिलेला. माल कुठंच दिसेना. मग हिराच्या डोक्यात प्रकाश पडला. माल म्हणजे ह्याच दोघी! तिला हसू आवरेना, ते बघून त्याही हसल्या. दोरखंडानं कार ओढून काढली, पण ती सुरू होईना. मग दोघींना शेजारी बसवून तिनं ओतूरला आणलं.

कॉलेजात जाणारी पुतणी वृषाली संध्याकाळी हे ऐकून हसून हसून बेजार झाली. "काकू, पिक अप म्हंजी नुसती गाडी न्हाई. कुणाला आणाय जायचं, फोन उचलायचा, ऐकून ऐकून शिकायचं, समद्याला पिक अपच. आजारी माणूस सावरला तरी तेच म्हणत्यात."

"एकच शबुद?"

"आपलं 'लागणं' बघ की. भूक लागती, ठेच लागती, नोकरी लागती."

"आन घाटात गाडी लागती," खाटेवरून जालिंदर बोलला.

त्या बायकांनी हॉटेलात हिराचं लई कौतुक केलं. हॉटेलवाल्यानं पाहुणे ने-आण करायला तिला आपली सात सीटची गाडी दिली. हिरानं वृषालीकडून वाक्यं घोटून घेतली. पहिल्या दिवशी ओतूरच्या एसटी स्टँडवर, टोपी घातलेल्या जोडप्यापुढं उभं राहून ती एका दमात म्हणाली, "आय हॅव कम टू पिक यू अप!"

"अहो ताई, आम्ही नागपूरचे," पाहुणे म्हणाले.

हिराचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. तिनं दार उघडलं. "तरी बी वाटंत इंग्रजीच बोला, राव. तेवढंच माझं शिकणं व्हईल."