दोन बेटांमधली पेटी

"आपा, विमानानंच पाठवा. भाड्याचं मी बघतो," असं म्हणत सलीमभाई माझ्या टेबलापुढं उभे राहिले.

सलीमभाईंचा बिडकीनकडं छोटा कारखाना. ऑटोक्लेव्ह बनवायचे. ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं हे यंत्र, मोठा प्रेशर कुकरच समजा. असं एक यंत्र त्यांनी श्रीलंकेत कोलंबोला पाठवलं होतं. गिऱ्हाइकानं ऐनवेळी नाय म्हटलं आणि पेटी तिथंच गोदामात पडली. तेवढ्यात मालदीवमधल्या एका लहानशा बेटावरच्या दवाखान्यातलं जुनं यंत्र बिघडलं. तिथली डॉक्टरीण केरळची. तिनं सलीमभाईंना फोन केला. आमिना नावाची बाई दिवस भरत आलेली, पहिलं बाळ सीझरनं झालेलं, आताही तेच करावं लागणार. यंत्र आलं नाय तर तिला होडीत घालून दुसऱ्या बेटावर न्यावं लागेल, आणि समुद्र खवळलेला.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानावर. फ्रेट फॉरवर्डिंगचं. म्हणजे काय, तर माल एकाचा, जहाज दुसऱ्याचं आणि घोर आमच्या जिवाला. मी पिशोरची, मॅट्रिक शिकलेली. हे काम मला कुणी शिकवलं नाय. टायपिंग करता करता, फोनवरचं ऐकता ऐकता आलं. पण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर माल, आणि मधे आपला देश लागतच नाय, असं काम पहिल्यांदाच आलं होतं. औरंगपुऱ्यातल्या खुर्चीवरून दोन बेटं हलवायची! मला तर नकाशा बघूनच गरगरलं.

"बाई, विमान अन् जहाजाची तुलना कसली करायची?" आमचे जोशीसाहेब म्हणाले. "विमान ते विमान."

"तरी दोन्हीकडं विचारते, साहेब."

पहिली अडचण विमानातच निघाली. प्रवासी विमानाच्या पोटात माल जातो, पण त्या पोटाचं दार बुटकं. आपली पेटी माणसाएवढी उंच.

"आडवी करून नाय का जाणार?" मी सलीमभाईंना विचारलं.

"आडवी केली तर आतली सगळी जोडणी हलते, आपा. तिथं दुरुस्त कोण करणार? मी पोहत जाऊ?"

मग उरलं खास मालाचं मोठं विमान. ते पुढच्या आठवड्यात. जोशीसाहेबांचं गणित तयार होतं. "चालेल की. मालेला उतरलं की ट्रक करायचा. संध्याकाळी दवाखान्यात." माले म्हणजे मालदीवची राजधानी.

सलीमभाईंनी मान हलवली, मीही हलवली. आम्ही मराठवाड्यातली माणसं, माल शेवटी ट्रकनंच पोचतो, याच्यात कुणाला काय खटकणार?

ट्रकचा भाव विचारायला मी मालेतल्या आमच्या एजंटला, इब्राहिमला फोन लावला. सिनेमे बघून बघून हिंदी शिकलेला माणूस. तो हसायलाच लागला.

"दीदी, हमारा एअरपोर्ट ही अलग टापू है! रनवे खतम, पानी शुरू. ट्रक जाएगा कहाँ?"

मग त्यानं समजावून सांगितलं. विमानतळाचं बेटच वेगळं, आणि तेव्हा तिथं पूलही नव्हता. दवाखान्याचं बेट लांब, दक्षिणेला. तिकडं माल नेणारी बोट मालेहून कधीतरीच सुटते, आणि या आठवड्यातली आता भरत आली होती. पुढची कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. कोलंबोहून मात्र उद्याच एक जहाज निघत होतं, आणि ते ती बोट सुटायच्या आधी मालेला लागणार होतं.

सलीमभाई वैतागले. "बाई अडलीय तिथं, आणि तुम्ही जहाज काढता?"

"विमान पुढच्या आठवड्यात उडणार, अन् मग पेटी धक्क्यावर बोटीची वाट बघत बसणार. तोवर आमिना थांबेल का?"

जोशीसाहेब म्हणाले, "चुकलं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. म्हटलं आणि लगेच फोन उचलला.

कोलंबोतल्या एजंटला फोन करकरून पेटी गोदामातून सोडवली. जहाजात दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमधे तिला जागा मिळाली. जहाज वेळेत मालेला लागलं आणि पेटीनं दक्षिणेची बोट गाठली. मग इब्राहिमचा काही पत्ताच नाय. सलीमभाई रोज यायचे, जिन्यातूनच विचारायचे, "कुछ खबर?" मी "अजून नाय" म्हणायची.

शेवटी फोन आला. त्या बेटाभोवती पोवळ्याच्या खडकाचं कडं. मोठी बोट आत जात नाय, आणि क्रेन तर नावालाही नाय.

"फिर उतारा कैसे?" मी विचारलं.

"पूरा टापू पानी में उतरा, दीदी."

मासेमारीच्या दोन होड्या शेजारी-शेजारी बांधल्या, वर फळ्या टाकल्या, त्यावर पेटी उभी केली. मग भरतीची वाट बघितली. खडकावर पाणी चढलं तशी छातीएवढ्या पाण्यात उभ्या माणसांनी दोन्ही बाजूंनी होड्या धरून आत आणल्या. किनाऱ्यावर बायका दोर ओढत होत्या, म्हाताऱ्यासुद्धा. पेटी एकदाही कलली नाय.

मी फोन धरूनच बसले. तोवर पैठणच्या धरणापलीकडं मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी आमचं शहर कधी ऐकलं नसेल अशी माणसं, बिडकीनला बनलेली पेटी होड्यांवर सांभाळत समुद्रातून चालत होती. सलीमभाईंना सांगितलं तर ते कितीतरी वेळ नुसतेच "या अल्ला, या अल्ला" म्हणत राहिले.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनीच कळवलं. आमिनाला मुलगी झाली, तिथंच, त्याच बेटावर.

त्यानंतर कुणीही "विमान का जहाज?" विचारलं, की मी भाडं सांगायच्या आधी एवढंच विचारते, "तिकडं माल उतरवून घेणार कोण?" लोकांना वाटतं, बाई विषय टाळतेय.